नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागील रविवारी आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचले. कॉमिक्स ही निर्मळ करमणूक असून तिच्यात जात, प्रांत, धर्म आणि बाई-पुरुष यांचे हिशेब घुसडून हल्लीची मंडळी आमच्या बालपणाचा विचका करीत आहेत, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकांच्या जिव्हाळ्याविषयी मला शंका नाही. मीही त्यांच्याच पिढीचा, आणि बहुधा त्यांच्यासारखाच सोलापुरात कन्ना चौकाच्या आसपास रद्दीच्या दुकानापुढे उकिडवा बसून, दुकानदार हाकलेपर्यंत फुकट वाचून वाढलेला वाचक आहे. म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे. ते थोडे लांबेल. कात्री आपल्या हाती आहे.

आमच्या लहानपणी कॉमिक्स म्हणजे इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, पुढे ती मराठीतही निघू लागली आणि १९९० मध्ये बंद पडली. वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या फँटम या जंगलातल्या बुरखेधारी नायकाची, कवटीची अंगठी, त्याचा लांडगा, जादूगार मँड्रेकची उंच टोपी या गोष्टी आम्हाला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्क्या पाठ होत्या. वडील गिरणीत होते, त्यामुळे विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. चार पोरांनी मिळून एक अंक भाड्याने आणायचा आणि एकाने मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत होती. वाचणारा मराठी घरातला, ऐकणाऱ्यांत एक तेलुगू, एक कानडी आणि एक दखनी बोलणारा. सोलापुरात हे कोणाला नवलाचे वाटत नाही. नवल एवढेच, की त्या अंकांतली कोणती पात्रे आमच्यापैकी कोणासारखी बोलतात, दिसतात आणि कोणती नाहीत, हे वाचणाऱ्याच्या कधी ध्यानात येत नसे. ऐकणाऱ्यांच्या येत असे की नाही, हे आम्ही विचारले नाही.

आज त्याच अंकांच्या वेडापायी आम्ही दहा-पंधरा जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका स्नेह्यांच्या गच्चीवर जमतो. जुन्या अंकांची अदलाबदल होते, फाटक्या पानांना पारदर्शक कागद लागतो, चहा होतो आणि मग वाद होतात. काही महिन्यांपूर्वी या बैठकीला पूर्व भागातली महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी येऊ लागली. घरची भाषा तेलुगू, आजोबा यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. वाचन असे की आमच्यातल्या दोघातिघांची बोलती बंद व्हावी. एका बैठकीत तिने वेताळाचा एक जुना अंक उघडला आणि हसत हसत विचारले, “वेताळाच्या वडिलांचा खून करणाऱ्याचं नाव आपल्या इकडच्या आवृत्तीत बदललं, ते नेमकं रामलूच का केलं? माझ्या तातांचं, म्हणजे आजोबांचं, नाव रामलू आहे.”

आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी उत्तर दिले, “तुम्हा लोकांना सगळीकडे अपमानच दिसतो. विड्या वळता वळता वाचलं की असंच व्हायचं.” दोघे हसले. मी हसलो नाही, परंतु बोललोही नाही. माझ्या हातात चहाची किटली होती आणि मी ती फिरवत राहिलो. मुलीने चहा संपवला, अंक मिटून सतरंजीवर ठेवला आणि ती निघून गेली. पुढच्या दोन्ही बैठकींना ती आली नाही.

मागील रविवारचे पत्र वाचताना मला ती सतरंजी आठवली. पत्रलेखक ज्याला ‘हिशेब घुसडणे’ म्हणतात, ते तिने केले होते का? तिने एक प्रश्न विचारला होता, आणि तो माहितीचा होता. त्याचे उत्तर असे आहे.

अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळाची मालिका सुरू केली. तिच्यातल्या काल्पनिक देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते, चाच्यांची टोळी ‘सिंग’ या नावाची होती आणि वेताळाच्या वडिलांच्या पाठीत सुरा खुपसणाऱ्याचे नाव चक्क ‘रामा’ होते. ही नावे भारतात जशीच्या तशी छापली तर बंगाली वाचकाला, शीख वाचकाला आणि रामाचे नाव घेऊन उठणाऱ्या कोट्यवधींना काय वाटेल, याचा विचार इंद्रजालच्या संपादकांनी केला. देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले, सिंग चाचे ‘सिंगा’ झाले आणि रामाचा ‘रामलू’ झाला. आम्ही ज्या अंकांना शुद्ध, निर्मळ, कोणाची भीडभाड न ठेवणारे म्हणून कवटाळून बसलो आहोत, ते अंक आमच्या भावना दुखावू नयेत म्हणून आधीच दुरुस्त करून आमच्या हाती आले होते. त्या दुरुस्तीवर कोणी रागावल्याचे मला तरी आठवत नाही. आपल्याला लागणारा खडा वाटेतून आधीच कोणी उचलला असेल, तर तो तेथे होता हेही आपल्याला कळत नाही.

आता ‘रामलू’विषयी. ‘ध’चा ‘मा’ केल्याने काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. येथे दोष टाळण्यासाठी एक अक्षर जोडले गेले, आणि ते जोडताच नाव आपोआप तेलुगू वळणाचे झाले. तेलुगूत हा प्रत्यय आदराचा आहे. आपण ‘रामराव’ म्हणतो त्या जातीचा. संपादकांच्या मनात तेलुगू माणसाविषयी आकस होता असे मी मुळीच म्हणत नाही. घाईत, कचेरीत बसून, ऐकायला परके आणि तरीही भारतीय वाटेल असे नाव त्यांनी शोधले असावे. तथापि ‘परके’ कोणाला? मुंबईच्या कचेरीत परके वाटणारे ते नाव आपल्या अशोक चौकाच्या पलीकडे घराघरांत आहे. सोलापूरच्या चादरीवर ज्यांच्या हाताची वीण आहे, त्या पद्मशाली कुटुंबांतल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचे हे नाव आहे. एकाची भावना जपताना दुसऱ्याच्या दारात काटा टाकला गेला, आणि तो तेथे आहे हे सांगायला पन्नास-साठ वर्षांनी त्याच घरातली मुलगी यावी लागली, तर तिला आपण ‘तुम्हा लोकांना’ म्हणून ऐकवले.

मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे. कॉमिक्सविषयीच्या आपल्या चर्चांत हे अंतर सतत पुसले जाते. कोणी म्हटले की अमुक पात्राला अमुक नाव, रंग किंवा बोली का दिली, की आपण ऐकतो, ‘तुम्ही आमच्या वेताळाला नावे ठेवता.’ त्या मुलीला वेताळ आवडतो, म्हणून तर ती इतका जुना अंक रद्दीतून शोधून आणते. न आवडणाऱ्या गोष्टीतली चूक शोधण्यासाठी कोणी इतकी धूळ खात नाही.

पूर्वी असले प्रश्न नव्हते, हेही खरे नाही. मँड्रेकचा सोबती लोथार १९३४ मध्ये आला तो डोक्यावर तुर्की टोपी आणि कमरेला बिबळ्याचे कातडे घेऊन, आणि मोडकेतोडके इंग्रजी बोलत. कथेत तो आफ्रिकेतला राजपुत्र. राज्य सोडून मित्राबरोबर निघालेला. अंगात दहा हत्तींचे बळ. आणि त्याच्या तोंडी धड एक वाक्य नाही. १९६५ च्या सुमारास चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स यांनी मालिका हाती घेतल्यावर त्याचे कपडे बदलले आणि तो नीट भाषा बोलू लागला. मालिका त्यानंतरही कित्येक दशके चालली. लोथार नीट बोलू लागला म्हणून मँड्रेकची जादू कमी झाल्याचे कोणी म्हटले नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट सुचायला हवी, जी इंग्रजी वाचकाला सुचणार नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरते. मराठीत अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक फुग्यापाशी थांबून ठरवावे लागते की कोण कोणाला ‘तू’ म्हणणार आणि कोण ‘तुम्ही’. मँड्रेकने लोथारला ‘तू’ म्हणायचे आणि लोथारने त्याला ‘तुम्ही’, की दोघांनी एकमेकांना ‘तू’? पहिल्या पर्यायात लोथार नोकर होतो, दुसऱ्यात मित्र. चित्र तेच, कथा तीच, एका सर्वनामाने माणसाचा दर्जा ठरतो. जंगलातला टोळीप्रमुख वेताळाशी बोलताना ‘महाराज’ म्हणतो आणि वेताळ त्याला ‘अरे’ म्हणतो, असे एकदा लिहिले की वाचणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला सारे काही समजते. कोणी शिकवावे लागत नाही. वेताळाच्या जंगलातल्या बुटक्यांच्या टोळीचे ‘बांदार’ हे नाव ऐकताच आम्ही पोरे हिंदीतले माकड आठवून ‘बंदर, बंदर’ म्हणून हसत असू आणि मग दिवसभर आमच्यातल्या सर्वांत बुटक्या मुलाला तेच नाव चिकटत असे. तो आजही भेटतो. आम्ही विसरलो आहोत. तो विसरला आहे की नाही, हेही आम्ही विचारलेले नाही.

सुपांडी या चित्रकथांतल्या भोळ्या नोकराचेही असेच आहे, परंतु तेथे गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि म्हणून मला ती अधिक महत्त्वाची वाटते. अनंत पै यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या ‘टिंकल’ या मुलांच्या मासिकात सुपांडी १९८३ मध्ये अवतरला. तो कोणा परप्रांतीयाने तामिळ माणसाची टिंगल करण्यासाठी रचला नव्हता. तामिळनाडूतल्या एका वाचकाने आपल्याकडच्या लोककथा मासिकाला पाठवल्या आणि त्यांतून तो घडला. म्हणजे मूळ हसणे घरचे होते, आपल्या माणसाने आपल्या माणसावर प्रेमाने हसण्याचे, आपल्याकडच्या शेखचिल्लीसारखे. मलाही सुपांडी आवडतो. मालकाने सांगितलेले शब्दशः करणाऱ्या नोकराच्या गोष्टींत मूर्ख नेमका कोण, सांगणारा की ऐकणारा, हा प्रश्न नेहमी उरतो. मात्र तोच सुपांडी वर्गात शिरला आणि तेलुगू किंवा तामिळ घरातल्या मुलाचे टोपणनाव झाला, की हसणे घरचे राहत नाही. आमच्या शेजारच्या एका मुलाला शाळेची पाच वर्षे ‘सुपांडी’ म्हणत. त्याचे मराठी किंचित अडखळत असे एवढेच कारण. दोष मासिकाचा नाही, सुपांडीचाही नाही. दोष ते नाव उचलून दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवणाऱ्या आमच्या जिभेचा. म्हणूनच सुपांडीवर बंदी घाला असे मी म्हणत नाही आणि ती मुलगीही म्हणाली नव्हती. याच मासिकाने २०१५ मध्ये मिझोरमची एक मुलगी, मापुई कावलिम, ‘विंगस्टार’ या नावाने महानायिका म्हणून आणली. ईशान्येकडच्या चेहऱ्याला आपल्या रस्त्यांवर कोणत्या नावाने हाक मारली जाते हे ज्याने ऐकले आहे, त्याला या निवडीची किंमत कळेल.

स्त्रियांविषयी थोडक्यात लिहितो, कारण येथे उदाहरण एकच पुरे आहे. अमेरिकेत १९४१ मध्ये वंडर वूमन आली. देवांचे बळ लाभलेली ही योद्धी पुढच्याच वर्षी तेथील महानायकांच्या मंडळात दाखल झाली आणि तिला काम काय मिळाले, तर सचिवाचे. पुरुष लढाईला जाणार आणि ही बैठकीचे टिपण ठेवणार. मी ही हकिगत आमच्या गच्चीवर मोठ्या चवीने सांगितली होती, सगळे पोट धरून हसलेही होते. त्या वेळी आमच्या बैठकीची हजेरीवही कोणाच्या मांडीवर होती, हे माझ्या नंतर लक्षात आले. ती त्याच मुलीच्या मांडीवर होती. ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही ती तिच्याकडे सोपवली होती. पहिल्याच दिवशी आम्ही तिची परीक्षाही घेतली होती: ‘वेताळाच्या कुत्र्याचं नाव सांग.’ ही आमची जुनी खोडी आहे. तो कुत्रा नसून लांडगा आहे, हे ज्याला ठाऊक तो खरा वाचक. तिने खोडी ओळखली आणि उत्तर दिले. परंतु तिच्याबरोबर त्याच दिवशी आलेल्या तरुणाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता दुसऱ्या बाजूचे जे रास्त आहे तेही लिहायला हवे. नव्या पात्रांविषयी काही वाचक नाराज असतात आणि त्यांतली काही नाराजी खरी असते. २०११ मध्ये माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचा मुलगा स्पायडरमॅन झाला, २०१३ मध्ये कमला खान ही महानायिका आली. अशा पात्रांविषयी ‘ही केवळ दाखवण्यापुरती आणली’ असे म्हटले जाते. दाखवण्यापुरती आणलेली पात्रेही असतात. त्यांना कथा नसते, त्यांच्या तोंडी माणसाचे बोलणे नसते, पानावर विविधता दिसावी म्हणून ती कोपऱ्यात उभी केलेली असतात. अशा कथेला वाईट म्हणण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु कमला खानचे उदाहरण घेतले तर दिसते काय? सना अमानत या संपादिका आपल्या लहानपणीच्या, अमेरिकेतल्या पाकिस्तानी मुस्लिम घरातल्या गमती सहकाऱ्याला सांगत होत्या आणि त्यांतून हे पात्र सुचले. जी. विलो विल्सन यांनी ते लिहिले आणि पहिल्या खंडाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ही मुलगी लोकांना आवडली ती आईवडिलांची बोलणी, शाळेतली फजिती आणि अंगात अचानक आलेली शक्ती यांत तिची उडालेली तारांबळ पाहून. म्हणजे पुन्हा तेच: कोणीतरी आपल्या घरातले बोलले आणि कोणीतरी ऐकले. तामिळनाडूतल्या त्या वाचकाचे ऐकले गेले म्हणून सुपांडी झाला. आमच्या गच्चीवर त्या मुलीचे ऐकले गेले नाही.

बाहेरच्याने काढलेले आपले चित्र कसे वाटते, याचा अनुभव आपल्यालाही आहे. २००४ मध्ये भारतीय स्पायडरमॅन निघाला, पवित्र प्रभाकर, आणि तो मुंबईच्या इमारतींवरून धोतर नेसून झोके घेत होता. तो रचणारे भारतीय वंशाचेच होते, हेतू चांगला होता, तरीही आमच्यातले कितीतरी जण ते धोतर पाहून वैतागले होते. मुंबईत कोणता कॉलेजातला मुलगा धोतर नेसतो, असे तावातावाने विचारणाऱ्यांत मी होतो आणि ज्यांनी त्या मुलीला सुनावले ते सदस्यही होते. त्या दिवशी आम्हाला कोणी म्हटले नाही की तुम्हा लोकांना सगळीकडे अपमानच दिसतो. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच; पण आपले जळले तेव्हाची आठवण तरी राहावी.

सोलापूरकरांना ही आठवण ठेवणे इतरांपेक्षा सोपे जावे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे आपल्या गावात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, माणसे ‘विमुक्त’ झाली, तरी त्या भागाला आजही सगळे ‘सेटलमेंट’च म्हणतात. माझ्या वर्गात तेथला एक मुलगा होता. इंद्रजालमध्ये १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, दरोडेखोराचा मुलगा, जो पुढे दरोडेखोरांपासून गावाचे रक्षण करतो, तेव्हा या मुलाने तो अंक इतक्यांदा वाचला की त्याचे मुखपृष्ठ निघून आले. मास्तर वर्गात काही हरवले की आधी त्याचे दप्तर उघडत. बहादूर त्याला का आवडतो, असे आम्ही त्याला विचारण्याची गरजच नव्हती. तो अंक कोणी ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द वापरून काढला नव्हता आणि माझ्या मित्रालाही तो शब्द ठाऊक नव्हता. त्याला एवढे दिसले की आपल्यासारखा एक जण पानाच्या मधोमध उभा आहे आणि त्याच्या हातात बेड्या नाहीत.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या चौघा सोलापुरी हुतात्म्यांचे पुतळे आपण आपल्या गावात शेजारी शेजारी उभे केले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावे एका दमात उच्चारताना कोणाला हिशेब घुसडल्यासारखे वाटत नाही. मग कॉमिक्सच्या पानावरच का वाटावे, हे मला त्या ज्येष्ठ पत्रलेखकांना आदराने विचारायचे आहे.

राहिला बोलण्याच्या रीतीचा मुद्दा. आदराने बोला म्हटले की काही तरुण मित्र घाबरतात; आता प्रत्येक शब्द तोलून, शासकीय परिपत्रकासारखे बोलायचे का, असे विचारतात. तसे मुळीच नाही. सोलापुरात ‘काय बे’ म्हटल्याशिवाय मैत्री सुरू होत नाही. पुण्याच्या पाहुण्याला त्या ‘बे’मध्ये उद्धटपणा ऐकू येतो, आम्हाला त्यात खांद्यावरचा हात जाणवतो. शब्द ओबडधोबड असल्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट आमच्या सदस्यांच्या त्या वाक्यात एकही शिवी नव्हती. ‘तुम्हा’, ‘लोकांना’, ‘विड्या’, ‘वाचलं’. एकेक शब्द धुतल्या तांदळासारखा. तरीही ते वाक्य ऐकून माणूस उठून गेले, कारण ज्या क्षणी तिला ‘तू’ऐवजी ‘तुम्ही लोक’ म्हटले गेले, त्या क्षणी ती आमच्यातली वाचक उरली नाही, एका गठ्ठ्यातला एक कागद झाली. हजारो सोलापुरी स्त्रियांनी मांडीवर सूप घेऊन ज्या कामावर लेकरे शिकवली, ते काम त्या वाक्यात थट्टेचे झाले.

राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही ‘नावात काय आहे’ म्हणणारे होते. नावात काय आहे, हे नेहमी तोच विचारतो ज्याच्या नावाला कधी काही चिकटलेले नसते.

या संदर्भात ‘भीमायन’ या चित्रकथेचा उल्लेख करावाच लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले पाणी, निवारा आणि प्रवास यांचे अनुभव सांगणारे हे पुस्तक २०११ मध्ये निघाले आणि त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली. नेहमीच्या कॉमिक्ससारखे चौकोन त्यात नाहीत. पाने गोंड भिंतीवरच्या नक्षीप्रमाणे मोकळी वाहतात. आणि संवादाच्या फुग्यांचे तर काय सांगावे! ज्यांचे बोलणे मायेचे आहे त्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, आणि ज्यांच्या शब्दांत विष आहे त्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. वाक्य वाचण्याआधीच डोळ्यांना कळते की आता डंख होणार. कॉमिक्सच्या जगात इतकी वर्षे वावरूनही हे मला कधी सुचले नसते, कारण मी नांगीच्या त्या टोकाला कधी उभा राहिलो नाही. ज्यांनी ती सोसली त्यांनी तिला आकार दिला. नवे लोक आत आले की कॉमिक्स कमी होते की वाढते, याचे याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

आमच्या गच्चीवर यानंतर काय झाले तेही सांगतो. गेल्या बैठकीत मी तो प्रसंग काढला. ज्येष्ठ सदस्य आधी चिडले, मग म्हणाले की आपण गमतीने बोललो. मी म्हटले की गंमत असेल तर ती समोरच्यालाही कळायला हवी होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एवढे ठरले की हजेरीवही दर महिन्याला वेगळ्याने ठेवायची, नव्या माणसाची परीक्षा घ्यायची नाही, आणि कोणी एखाद्या पात्राविषयी प्रश्न केला तर उत्तर त्या पात्राविषयीच द्यायचे, विचारणाऱ्याच्या घराविषयी नाही. लांडग्याचा प्रश्न सोडताना दोघांना फार जड गेले. मलाही गेले, खोटे कशाला बोलू. ज्येष्ठ सदस्यांनी माफी मागितली असे मी लिहिणार नाही, कारण त्यांनी ती अजून मागितलेली नाही. पण पुढच्या बैठकीला ते येणार आहेत.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला एक चित्रकथा येते. तिच्यासाठी कधीतरी सोलापूरच्या मुलांकडूनच गोष्टी मागवाव्यात, आणि तेलुगू, कानडी किंवा दखनी घरातल्या मुलाने आपल्या आजीची गोष्ट आपल्या मराठीत लिहून पाठवली, तर तिच्यातले मराठी फार घासूनपुसून काढू नये.

तिचा तो अंक त्या दिवशी सतरंजीवरच राहिला आणि सध्या माझ्या कपाटात आहे. तिचा पत्ता तिनेच, तिच्या छान अक्षरात, हजेरीवहीत लिहून ठेवलेला आहे. या रविवारी मी अंक परत करायला पूर्व भागात जाणार आहे. तिला काय म्हणायचे ते मी ठरवले आहे. परंतु दार तिच्या तातांनी उघडले आणि ‘कोणतं पुस्तक आणलंत?’ म्हणून विचारले, तर त्यांना त्यातल्या खुन्याचे नाव कसे सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.

आपला,
एक जुना वाचक
सोलापूर